1966 मध्ये डॉलरचा भाव अचानक एवढा कसा वाढला? आणि 1947 ला खरंच 1 रुपया = 1 डॉलर होता का?

जुनी_वही
नमस्कार मंडळी, घरातल्या जुन्या हिशेबाच्या वह्या टाइप करून ठेवायचं काम चाललंय. मोठे काका 1964 ते 67 अमेरिकेत शिकायला होते आणि आजोबा इथून बँकेतून पैसे पाठवायचे, ते सगळं तारीखवार लिहिलंय. आता मार्च 1966 ला 150 डॉलरचे 714 रुपये आहेत (कमिशन वेगळं लिहिलंय) आणि ऑगस्ट 1966 ला त्याच 150 डॉलरचे 1125. पाच महिन्यांत 411 रुपये जास्त! आजोबांचा हिशेब चुकेल असं वाटत नाही, मग हे काय झालं? दुसरं म्हणजे फॅमिली ग्रुपवर दरवर्षी 15 ऑगस्टला तो मेसेज येतो की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रुपया आणि डॉलर सारखेच होते. ते खरं धरायचं का? मला प्रत्येक नोंदीखाली त्या वेळचा दर लिहायचाय, म्हणून नीट माहिती हवीये.

आकडेमोड
हिशेब अगदी बरोबर आहे, आजोबांना मानलं. 714 भागिले 150 म्हणजे 4.76 आणि 1125 भागिले 150 म्हणजे 7.50. हे दोन्ही त्या वेळचे सरकारी दर. 6 जून 1966 ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, म्हणजे त्याची ठरवलेली किंमत मुद्दाम कमी केली, अर्थमंत्री सचिंद्र चौधरी होते. 1965 चं युद्ध, त्यात दुष्काळ, अमेरिकेची मदत थांबलेली, परकीय चलन आटलेलं आणि वर्ल्ड बँक, आयएमएफचा (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा) दबाव, असं सगळं एकदम आलं होतं. आणि तेव्हा आजच्यासारखा भाव रोज पैशापैशाने हलायचा नाही हो, दर सरकार ठरवायचं आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहायचा. त्यामुळे 5 जूनपर्यंत 4.76 आणि पुढच्या दिवशी थेट 7.50, मध्ये काहीच नाही.
अजून एक, वाचताना कुठे 36.5 टक्के दिसेल तर कुठे 57.5 टक्के. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाची किंमत 36.5 टक्क्यांनी कमी झाली (100 रुपयांत आधी 21 डॉलर यायचे ते 13.33 वर आले), पण डॉलर विकत घेणाऱ्याला तोच डॉलर साडेसत्तावन्न टक्के महाग पडला. तुमच्या आजोबांच्या खिशाला दुसरा आकडा लागला. मुलगा तिकडे अर्ध्या शिक्षणात आणि एका दिवसात खर्च दीडपटीच्या वर, त्या काळात अशी किती घरं हादरली असतील.

टांकसाळ
1947 चा तो मेसेज साफ खोटा आहे आणि दरवर्षी फिरतो याचा मला मनापासून राग येतो, कारण खरं उत्तर साध्या भागाकाराने निघतं. रुपया तेव्हा डॉलरला नाही, पाउंडाला बांधलेला होता. 1927 च्या कायद्याने 1 रुपया = 1 शिलिंग 6 पेन्स ठरलं, म्हणजे 18 पेन्स. पाउंडात 240 पेन्स, 240 भागिले 18 म्हणजे 13.33, म्हणजे एक पाउंड 13 रुपये 5 आणे 4 पै. आणि त्या वेळी पाउंड होता 4.03 डॉलरला. 13.33 ला 4.03 ने भागा, 3.31 येतात. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी डॉलर साधारण 3 रुपये 5 आणे.
मग सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पाउंड 4.03 वरून 2.80 डॉलरवर आणला, आपणही रुपया तेवढाच उतरवला, म्हणून पाउंड 13.33 रुपयांनाच राहिला, आणि 13.33 भागिले 2.80 केलं की तुमचा 4.76 हजर. म्हणजे आजोबांच्या मार्चच्या नोंदीतला दर हा 1927 चा शिलिंग-पेन्सचा दर आणि 1949 चा लंडनचा निर्णय यांच्यातून आलाय. पाकिस्तानने 1949 ला आपला रुपया उतरवला नाही आणि त्यावरून दोन्ही देशांचा व्यापार अडकून पडला, तो वेगळाच मोठा विषय आहे.

जुनी_वही
वा, दोघांचे खूप आभार!! आता पुढचं विचारते, नेटवर एका तक्त्यात 1966 चा दर 6.36 दिलाय, तो घ्यायचा का? आणि 714 रुपये म्हणजे आजचे किती हे लिहायचं तर आजच्या डॉलरच्या भावाने 150 ला गुणलं तर चालेल ना?

आकडेमोड
6.36 अजिबात घेऊ नका. ती वर्षाची सरासरी आहे, पाच महिने 4.76 आणि सात महिने 7.50 यांची. 1966 मध्ये एकाही माणसाने 6.36 ने डॉलर घेतलेला नाही. तारीख असेल तर तारखेचाच दर लावायचा. हाच घोळ 1991 ला होतो, 1 जुलै आणि 3 जुलै अशा दोन टप्प्यांत रुपया उतरवला, डॉलर साधारण 21 वरून 26 च्या जवळ गेला, आणि तक्ता आर्थिक वर्षाचा आहे की कॅलेंडर वर्षाचा त्यावर आकडा बदलतो. मार्च 1993 नंतर दर बाजारावर सोडला, तिथून पुढे सरासरीला काही अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक आकडेवारीत दोन्ही प्रकारचे तक्ते मिळतात, वरचं शीर्षक बघून घ्या.
आजच्या भावाने गुणायचंही नको. 150 डॉलरमध्ये तेव्हा तिकडे जे यायचं ते आज येत नाही, महागाई तिकडेही झालीये. 714 रुपये घरासाठी केवढे होते हे दाखवायचं असेल तर त्याच वहीतला तेव्हाचा पगार किंवा महिन्याचा घरखर्च शेजारी लिहा, त्याने जास्त कळेल.

टांकसाळ
यात एक भर. तेव्हा सरकारी दराने डॉलर मिळायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची, मनात आलं आणि पाठवले असं नव्हतं, त्यामुळे वहीत परवानगीचा नंबर किंवा बँकेची पावती चिकटवलेली असेल तर तीही टाइप करा. आणि काका परत येताना लंडनमार्गे आले असतील तर पाउंडाच्या नोंदी जपून बघा. जून 66 ला पाउंड 13.33 वरून 21 रुपये झाला, पण नोव्हेंबर 1967 ला ब्रिटनने परत पाउंड उतरवला, 2.80 चा 2.40 डॉलर, आणि या वेळी आपण सोबत गेलो नाही. त्यामुळे पाउंड उलटा स्वस्त होऊन 18 रुपयांवर आला आणि डॉलर मात्र 7.50 लाच राहिला. त्या महिन्यात दोन्ही नोंदी असतील तर वेगवेगळ्या दराने लावाव्या लागतील.