मदत हवी आहे: ईप्रच्या युद्धभूमीवर धावायचा रूट

नमस्कार मंडळी, मी आइंडहोवनला असते आणि नोव्हेंबरात बेल्जियममधल्या ईप्रला (पहिल्या महायुद्धाची युद्धभूमी) जाऊन लाँग रन करायचा प्लॅन आहे. डोक्यात असलेला रूट असा की मेनिन गेटपासून (युद्धस्मारक असलेली कमान) सुरू, मग तटबंदीवरून लील गेट, झिलेबेकचं तळं, हिल ६०, पालिंगबेकचं जंगल आणि परत कालव्याच्या कडेने गावात, अंदाजे १५ किमी होईल. मेनिन गेटवर ५४ हजारांहून जास्त बेपत्ता सैनिकांची नावं कोरलीयत, त्यात आपले भारतीयही आहेत, आणि जवळच होलेबेकला ३१ ऑक्टोबर १९१४ ला खुदादाद खान लढले, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेले पहिले भारतीय सैनिक, म्हणून तिकडून गेल्याशिवाय मला राहवणार नाही.

आता प्रश्न. पावसानंतर तिथली चिकणमाती बुटाला किलोकिलोने चिकटते म्हणे, मग ट्रेल शूजच घालू का रोडवाले चालतील? हिल ६० ला लाकडी फळ्यांची वाट आहे, ती ओली असताना घसरते का? वाटेत पाणी कुठे मिळेल? दफनभूमीत मी धावणार नाही, चालतच जाईन, ते ठरलेलंच आहे. शेतात अजूनही जुने तोफगोळे निघतात आणि शेतकरी ते रस्त्याकडेला ठेवतात, त्यामुळे पायवाट सोडायची नाही हेही माहितीय, पण पालिंगबेकमध्ये खुणा नीट आहेत का, की जीपीएस ट्रॅक लागेलच? आणि मेनिन गेटवर रात्री ८ ला होणाऱ्या लास्ट पोस्टला (शहिदांसाठी बिगुल वाजवून मानवंदना) पुढे उभं राहायला किती आधी पोचावं? कोणी धावलं असेल तर प्लीज सांगा, ट्रॅक असेल तर फारच बरं.