भंगारात 1-1-14 आकडे असलेली ऐरण मिळतेय, घ्यावी का?

भाता_नाशिक: अंबड लिंक रोडवर एका भंगारवाल्याकडे जुनी ऐरण आहे. कुशीवर गोलात काही अक्षरं ठोकलेली आहेत, त्यातलं 'सॉलिड' तेवढं वाचता येतं. खाली 1-1-14. दुकानदार म्हणतो वजन 114 किलो, आणि भाव किलोवर. माथ्याची एक कड चार ठिकाणी उडालीय, मध्ये साधारण 2 मिमी खोलगट आहे. चोचीखाली (निमुळतं टोक) आणि शेपटाखाली (मागचं सपाट टोक) चौकोनी खड्डे आहेत. तिथून तुकडा निघालाय का?

घणकरी: भाऊ, 114 किलोचे पैसे देऊ नका! हे इंग्लिश हंड्रेडवेटचे, म्हणजे जुन्या इंग्रजी वजनमापाचे आकडे आहेत. पहिल्याला 112 ने गुणा, दुसऱ्याला 28 ने, तिसरा सरळ पौंड. 112 + 28 + 14 = 154 पौंड, म्हणजे 70 किलोच्या आत. काट्यावर चढवूनच घ्या.

गोलात 'सॉलिड रॉट' (म्हणजे अख्खी घडीव) असेल तर इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइट या ऐरणवाल्यांची असण्याची दाट शक्यता. ओला चुना अक्षरांवर पुसा आणि बॅटरी आडवी धरा, अक्षरं उठतात. पायांच्या पुढच्या-मागच्या बाजूला बोटभर सपाट पायरी दिसली तर खात्री वाढते. चौकोनी खड्डे मूळचेच. घडवताना तापलेला गोळा उचलायला त्यात लोखंडी दांडा अडकवत. बिडाच्या ऐरणीला असे खड्डे सहसा नसतात, उलट अंगावरून ओतकामाची शिवण गेलेली दिसते.

कानस: नावापेक्षा माथा तपासा. अंग मऊ घडीव लोखंडाचं आणि वर अर्ध्या इंचाच्या आसपास पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली, अशी ही रचना. 1 इंची बेअरिंगची गोळी 25 सेंमीवरून सोडा. 18-20 सेंमी उसळली तर माथा उत्तम. बिडावर ती 7-8 सेंमीच्या वर जात नाही. सगळीकडे 10 सेंमीच्या आसपासच उसळली तर ऐरण आगीत सापडून पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलेलं असतं, कानसही लगेच खाते. नुसत्या आवाजावर जाऊ नका. बिडाच्या अंगावर पोलादी माथा असलेल्या काही चांगल्या ऐरणी खणखणत नाहीत.

भाता_नाशिक: गोळी टाकली. मध्ये 19, शेपटावर 16, पण चोचीकडच्या कोपऱ्यात 9, आणि तिथे हातोडी मारली की बद्द आवाज. चोच आणि माथ्यामधल्या पायरीवर तर गोळी उसळतच नाही.

कानस: पायरी मऊच असते. छिन्नीने तोडकाम तिथे करायचं, म्हणजे धार वाचते. शेपूट अधांतरी असल्याने 16 ठीक. कोपऱ्यात मात्र पट्टीचा जोड सुटलाय. तिथे कडेच्या रेषेवर रॉकेल लावून पुसा, मग खडू घासा. फट असेल तर थोड्या वेळात ओली रेघ उमटते. फट दोन-तीन इंचांची असेल तर तो कोपरा सोडून काम होतं. मध्यापर्यंत गेली असेल तर घेऊ नका.

घणकरी: जोड बरा निघाला तर घ्या, पण पुढचं नीट ऐका. माथा मिलिंगला देऊ नका. 2 मिमी काढायच्या नादात चांगलं पोलाद जातं, आणि ती खोलगट जागा कामातली वाकडी पट्टी सरळ करायला उपयोगीच असते, कारण थोडी उलटी वाकवल्याशिवाय पट्टी सरळ होत नाही. उडालेल्या कडेवर ऐरण न तापवता वेल्डिंगही नको. एवढं वजन उष्णता झटकन शोषून घेतं, शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि पुढचा टवका वेल्डच्या बाजूने उडतो. भरायचीच असेल तर आधी सगळी ऐरण 200 अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यापेक्षा ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने (पॉलिश पेपरच्या चकतीने) कड 3-4 मिमी गोल करा आणि दुसरी कड वापरा. टोकदार कडेने तापलेल्या कामात चीर पडते, तेव्हा गोलाईचं नुकसान काहीच नाही.

तारेच्या ब्रशने गंज काढा, अक्षरांवर ग्राइंडर लावू नका. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. बसवायला बाभळीचा ओंडका, रेषा उभ्या ठेवून. हात सैल सोडून मूठ वळल्यावर बोटांचे सांधे जिथे येतात, तिथे माथा यायला हवा.