लघवीनंतर थेंब पडतात, रिपोर्टमध्ये ‘काउपर ग्रंथीची सिस्ट’ – कोणाला झालंय का?

टेम्पोवाला_श्रीवर्धन
खरं नाव देत नाही, समजून घ्या. वय ३४. जीवना बंदरावरून रात्री मासळीचा टेम्पो घेऊन मुंबईला जातो. दोन वर्षं झाली, लघवी करून चेन लावून गाडीत बसलो की चमचाभर लघवी आपोआप येते. खाकी पँट सोडली, काळीच घालतो. म्हसळ्याकडे खड्ड्यात सीटवर आदळलो की अंडांच्या मागे, बसायच्या जागी ठणका लागतो. दोनदा जळजळ होऊन तापही आला.

पहिल्या डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच विचारलं, “ड्रायव्हर ना? बाहेर जाता का?” बायको बाजूला बसलेली. एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची रक्ततपासणी) सगळं केलं, काही निघालं नाही. पण घरात जे व्हायचं ते झालंच. गोळ्यांचे तीन कोर्स झाले. आता दुसऱ्या डॉक्टरांनी आरजीयू (मूत्रमार्गात औषध सोडून काढतात तो एक्सरे) काढायला लावला, त्यात ही सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ, निघाली. दुर्बिणीचं ऑपरेशन सांगतात. हे होतं कशाने? एकच मुलगी आहे, दुसऱ्या मुलाला अडचण येईल का? वर्षभर कुळथाचा काढा पितोय.

मालवणी_खाजा
मेल्या, कुळथाच्या काढ्यान गाठ गेली असती तर डॉक्टर कित्याक होये? तो मुतखड्यासाठी पितत. ह्या वेगळा.

एक्सरेवाला_रत्नागिरी
मी डॉक्टर नाही, पण या फिल्म रोज काढतो. प्रोस्टेटच्या खाली वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात, विल्यम काउपर या इंग्रज सर्जनच्या नावाने ओळखतात. संबंधाआधी जो पारदर्शक चिकट स्राव येतो तो त्यांचा. त्यांची बारीक नळी मूत्रमार्गात उघडते. ती फुगली की त्याला सिरिंगोसील म्हणतात. बहुतेकदा दोष जन्मतःच असतो, म्हणून लहान मुलांत जास्त सापडतो. मोठ्यांत संसर्गाने किंवा मार लागूनही होतं. म्हणजे ‘बाहेर जाणं’ हे एकच कारण नव्हे, हे आधी घरी सांगा.

फिल्मवर मूत्रमार्गाच्या खालून एक बारीक नळी जाते आणि टोकाला गाठ. मोड आलेला कडवा वाल आठवा, अगदी तसं. १९८३ साली मेझल्स आणि सहकाऱ्यांनी याचे चार प्रकार पाडले. तुमचं वर्णन तोंड उघडं असलेल्या प्रकाराचं वाटतं: लघवी करताना ती पिशवी भरते आणि तुम्ही गाडीत बसलात की रिकामी होते. तोंड बंद असेल तर गाठ आत फुगून धारच बारीक करते. खरा प्रकार दुर्बिणीतून कळेल. कधी एमआरआयही सांगतात.

गुहागरकर_४१
माझं ऑपरेशन २०१९ ला झालं. कंबरेखाली भूल, मूत्रमार्गातूनच दुर्बीण, बाहेर टाका नाही. पिशवीचं छत कापून मोकळं करतात, बस्स. मला दोन दिवस कॅथेटर (लघवीची नळी) होता. ऑपरेशनपेक्षा त्याचाच वैताग जास्त. गाठ फार मोठी असली तर बाहेरून कापतात, तुमची किती सेंटिमीटर आहे ते विचारा. मुलाची काळजी करू नका, वीर्यातलं बहुतेक पाणी दुसऱ्या ग्रंथींतून येतं. माझा धाकटा ऑपरेशननंतरचा.

तोवर एक करा. लघवी झाली की अंडांच्या मागे दोन बोटं दाबून पुढे सरकवा, उरलेली तिथेच निघते. पँट वाचते. आणि गोळ्यांआधी लघवीची कल्चर (कुठले जंतू आहेत ती तपासणी) करायला सांगा. माझे दोन कोर्स उगाच गेले.

एक्सरेवाला_रत्नागिरी
ताप आला आणि लघवी तुंबली तर मात्र वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.

टेम्पोवाला_श्रीवर्धन
सगळ्यांचे आभार. बोटांची युक्ती चालली, काल माणगावला चहाला उतरलो तर पँट कोरडी. गाठ दीड सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, जन्माचीच असावी, घाई नाही. १ जूनला मासेमारी बंद होते, गाडी उभीच असते, तेव्हाची तारीख घेतली.

रात्री बायको बिरड्यासाठी वाल सोलत होती. मोडाचा एक उचलून दाखवला, म्हटलं, एवढंच आहे, जन्मापासूनचं. तिने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, सोलला, पातेल्यात टाकला. मग म्हणाली, “जूनमध्ये दवाखान्यात डबा मी आणू की आईंना सांगू?”