दोष मेन्यूचा नाही, फायलीचा

'प्रत्येक डेस्कटॉपचा मेन्यू वेगळा, म्हणून अ‍ॅप सापडत नाही' असं लिनक्सबद्दल म्हटलं जातं, ते अर्धंच पटलं. मांडणी वेगळी असेल, पण केडीई, ग्नोम, एक्सएफसीई हे सगळे डेस्कटॉप वाचतात त्याच डॉट-डेस्कटॉप फायली (अ‍ॅपचं नाव, मेन्यूतला विभाग वगैरे सांगणाऱ्या छोट्या फायली). माझं एक स्कॅनिंगचं अ‍ॅप एक्सएफसीईत 'इतर'मध्ये, तर केडीईत 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये जाऊन बसायचं. फाइल उघडली तर विभाग सांगणारी 'कॅटेगरीज'ची ओळच नाही! यूझर-शेअर या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या मूळ फायलीला हात लावला नाही (पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जातो). त्याच नावाची प्रत होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल, त्यातल्या शेअर, त्यातल्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये टाकून 'कॅटेगरीज'पुढे 'ग्राफिक्स' लिहिलं. दोन्हीकडे जागेवर आलं.

तिथेच 'नेम'पुढे चौकोनी कंसात 'एमआर' (मराठीचा कोड) लिहून मराठी नावही देता येतं. आईच्या लॅपटॉपवर दिलंय, फक्त भाषा मराठी निवडलेली हवी.