'सुधारणा' आणि 'प्रगती': फरक काय?

कोरीपाटी:
घरात वाद पेटलाय. दादा म्हणतो, दीडशे वर्षांत माणूस पुष्कळ सुधारला. बाबा म्हणतात, प्रगती झाली, सुधारणा नाही. दादाचा मोबाइल वर धरून म्हणाले, "ही प्रगती. आता यात हा काय बघत बसतो ते बघ." हे शब्द खरंच वेगळे आहेत, की बाबांची नेहमीची कोपरखळी?

जुनीवही:
बाबा बरोबर आहेत. 'प्रगती' म्हणजे पुढे जाणं, बस. कामाची प्रगती, तपासात प्रगती, प्रगतीपुस्तक. 'सुधारणे'ला मात्र आधी काहीतरी बिघडलेलं लागतं: तब्येत सुधारते, अक्षर सुधारतं. शिवाय दुसऱ्याला 'सुधारता' येतं, म्हणजे 'तू बिघडलेला आहेस' हे न बोलताही ऐकू जातं. आगरकरांनी १८८८ साली पत्र काढलं ते 'सुधारक', आणि पुण्यातल्या सनातन्यांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. नावात 'प्रगती' असती तर लोक इतके चवताळले नसते, असं आपलं माझं मत.

कोरीपाटी:
मग दादा हरला?

जुनीवही:
एवढ्यात नाही. आमच्याकडे पणजीच्या जावेचा एक फोटो आहे. अंगावर आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. भाचीने विचारलं, "आलवण म्हणजे?" विधवेचं लुगडं, म्हटलं. मग 'केशवपन', म्हणजे विधवेचं डोकं भादरणं, तेही सांगावं लागलं. बारावीतली मराठी मुलगी, तिला दोन्ही शब्द माहीत नाहीत! शब्द असा मेला की मला बरं वाटतं.

रत्नांग्रीकर:
शब्द मेला म्हणजे गोष्ट मेली असं नसतं हो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव २०२२ साली करावा लागला.
उलटंही होतं. 'वाळीत टाकणे' घ्या. शहरात हा विनोद झालाय, 'मला ग्रुपवरून वाळीत टाकलं'. आमच्या शेजारच्या वाडीत एका घराला खरंच टाकलं होतं. दुकानात मीठ मिळेना. शिमग्याला पालखी दारापर्यंत आली आणि न थांबता पुढे गेली. घरच्या म्हातारीने ओटीचं ताट हातात तसंच धरलेलं, ते मी पाह्यलंय. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला तो २०१६ चा. १९१६ चा नव्हे.

तारीखपेतारीख:
वकिलीतला एक शब्द देतो: 'संमतीवय', म्हणजे ज्या वयापासून शरीरसंबंधाला मुलीची संमती कायदा ग्राह्य धरतो ते वय. १८९१ च्या कायद्याने मुलीचं हे वय १० वरून १२ केलं. केवढं रण माजलं त्यावर! टिळक विरोधात, कारण परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये. गंमत बघा, शब्दात 'संमती' आहे, पण त्या मुलीला कोण विचारत होतं? नवऱ्याच्या घरी कधी धाडायची ते मोठी माणसं ठरवायची. 'संमती' हा तेव्हा निव्वळ आकडा होता. आज ते वय १८ आहे, आणि 'संमती' म्हणजे तिने स्वतः 'हो' म्हणणं, हा अर्थ कॉलेजातल्या पोरांनाही कळतो. शब्द तोच, आत माणूस आला. याला मी बिनदिक्कत सुधारणा म्हणतो.
फक्त एक दार बंद आहे. बायको अठरा वर्षांची झाली की नवऱ्याची जबरदस्ती आपल्या कायद्यात बलात्कार ठरत नाही. नव्या न्याय संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय.

कोरीपाटी:
म्हणजे 'माणूस सुधारला का' असं मोघम विचारण्यात अर्थ नाही. 'कशात?' हे विचारावं लागेल.

जुनीवही:
आणि 'कुणासाठी?' हेही. पालखी वाडीतल्या बाकी सगळ्या दारांत थांबलीच होती की.

वेलांटी:
चर्चा छान, पण दोन ठिकाणी डोळ्यांत खुपलं. 'प्रगती' आणि 'संमती' सुटे असताना दीर्घ. समासात आले की ऱ्हस्व. प्रगतिपुस्तक, संमतिवय.

तारीखपेतारीख:
मान्य, काका. तीस वर्षं अर्जांत चुकीचं लिहितोय आणि एकाही न्यायाधीशाने टोकलं नाही.