फॅट फ्रीझिंगला बारा दिवस झाले, पोट अजून बधिर आणि रात्री कळा... कुणाला अनुभव?

टिळकवाडीची_सून:
नमस्कार मंडळी, बेळगावातच एका क्लिनिकमध्ये पोटाच्या खालच्या भागावर फॅट फ्रीझिंग, म्हणजे मशीननं गारठवून चरबी कमी करतात ते, करून घेतलं, सिझेरियननंतरची वळी काही केल्या जाईना म्हणून. त्या दिवशी काहीच झालं नाही, घरी येऊन भाकऱ्या पण थापल्या. पण पाचव्या दिवसापासनं रात्री कळा मारतायत, मध्येच करंट बसल्यासारखं होतंय, आणि वरनं हात लावला तर कातडीला काही कळतच नाही, दाढ काढताना गाल होतो बघा तसं. क्लिनिकला फोन केला तर "नॉर्मल आहे मॅडम" एवढंच, पैसे घेताना मात्र अर्धा तास बोलत होते. सासूबाई म्हणतात गरम पाण्याच्या पिशवीनं शेक घे. घेऊ काय? आणि पुढच्या महिन्यात निपाणीला लग्न आहे, तोवर फरक दिसेल काय हो?

खानापूरवाली:
ताई शेक अजिबात नको!! बधिर कातडीला चटका कळत नाही. मी पिशवी ठेवून सीरियल बघत बसले आणि उठून बघते तर हे मोठे फोड, डाग अजून आहे. दुखणं मला दुसऱ्या आठवड्यात जास्त होतं, मग आपोआप उतरलं, बधिरपणा जायला पाचेक आठवडे लागले. लग्नाचं विसरा, सैल ब्लाउज शिवायला टाका 😄

स्किन_ओपीडीतली_अक्का:
थंडीनं चरबीच्या पेशी मरतात आणि शरीर त्या हळूहळू साफ करतं, म्हणून खरा फरक दोन-तीन महिन्यांनी, आणि तोही त्या जागेचा थर साधारण 20 ते 25 टक्के कमी होतो, वजन काट्यावर काही हलत नाही. नसांना पण थंडी लागते म्हणून बधिरपणा, मुंग्या, उशिरा सुरू होणारी कळ. बहुतेकांचं बसतं. पण फोड आले, कातडी काळी पडली, ताप आला तर वाट बघू नका. तुमचं सिझेरियन झालंय म्हणून विचारते, करायच्या आधी हर्निया तपासला होता काय? खोकताना टाक्याजवळ फुगवटा येत असेल तर सर्जनला दाखवा. गोळी पण मनानं नको, डॉक्टरला विचारून.

चिकोडीचा_भाऊ:
माझं उलटंच झालं. तिसऱ्या महिन्यात मशीन लावलेल्या जागीच चरबी वाढली, घट्ट, चौकोनी, साबणाची वडी आत ठेवल्यासारखी. मी आपला सण झाले, कुंदा जास्त झाला म्हणून चालणं वाढवलं, काही उपयोग नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पॅराडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लाझिया. क्वचितच होतं, पुरुषांत जरा जास्त, पण झालं तर आपोआप जात नाही, बहुतेक वेळा लायपोसक्शनच, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, करावं लागतं. म्हणजे ऑपरेशन नको म्हणून गेलो आणि ऑपरेशनलाच येऊन थांबलो. लिंडा इव्हांजेलिस्टा नावाच्या मोठ्या मॉडेलनं 2021 मध्ये स्वतःबद्दल हेच जाहीर केलं होतं. आमच्या फॉर्मवर हे बारीक अक्षरात छापलेलं होतं म्हणे, सही करताना कोण वाचतंय. ताई घाबरू नका, बारा दिवसांची सूज म्हणजे हे नव्हे, पण आजच फोटो काढून ठेवा आणि महिन्याला एक काढा, माझ्याकडं आधीचा एकही नव्हता.

टिळकवाडीची_सून:
सगळ्यांना थँक्स. हर्नियाचं कुणी विचारलंच नव्हतं, उद्या सर्जनकडं नंबर लावते. फोटो काढला. पिशवी सासूबाईंच्याच गुडघ्याला दिली.