कंट्रोलरकडून व्ह्यूला माहिती देताना व्ह्यूबॅग वापरावी की व्ह्यूमॉडेल?

प्रश्न:
एएसपी डॉट नेट कोअर एमव्हीसी या वेब फ्रेमवर्कमध्ये (यात कंट्रोलर विनंती हाताळतो आणि व्ह्यू पान दाखवतो) मी कर्मचारी नोंदणीचा फॉर्म तयार करत आहे. विभागांची ड्रॉपडाउन यादी व्ह्यूबॅगमधून, म्हणजे नाव देऊन मूल्य ठेवण्याच्या सोयीतून, व्ह्यूला देतो. फॉर्म प्रथम उघडताना यादी व्यवस्थित दिसते. मात्र एखादा आवश्यक रकाना रिकामा ठेवून सबमिट केल्यावर तोच फॉर्म त्रुटींसह परत येतो, तेव्हा यादीत एकही विभाग नसतो. शिवाय नोंद झाल्यावर रिडायरेक्ट केलेल्या पानावर व्ह्यूबॅगमधला संदेश पोहोचत नाही. त्याऐवजी व्ह्यूडेटा वापरल्यास फरक पडेल का?

पहिले उत्तर:
फरक पडणार नाही, कारण व्ह्यूबॅग आणि व्ह्यूडेटा यांच्यामागे एकच डिक्शनरी (नाव-मूल्य जोड्यांचा साठा) असते आणि तिचे आयुष्य चालू रिक्वेस्टपुरतेच, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या एका मागणीपुरतेच, असते. फॉर्म सबमिट होणे ही नवी रिक्वेस्ट असल्यामुळे गेट ॲक्शनमध्ये (फॉर्म उघडणाऱ्या मेथडमध्ये) भरलेली यादी पोस्ट ॲक्शनला (सबमिट हाताळणाऱ्या मेथडला) मिळत नाही. माझ्या मते यादी आणि फॉर्मचे रकाने एकाच व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे त्या व्ह्यूसाठी लिहिलेल्या क्लासमध्ये, ठेवावेत. व्ह्यूबॅगमधील नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तरी कंपायलर काहीच बोलत नाही आणि हाती नल (रिकामे मूल्य) येते. टाइप ठरवून दिलेल्या व्ह्यूमध्ये तीच चूक कंपाइल होतानाच पकडली जाते. पानाच्या शीर्षकासारख्या किरकोळ गोष्टीसाठी मात्र व्ह्यूडेटा पुरेसा आहे.

प्रश्नकर्ता:
व्ह्यूमॉडेल केल्यावर यादी आपोआप परत येईल का?

पहिले उत्तर देणारा:
नाही. ब्राउझर केवळ निवडलेल्या विभागाचे मूल्य पाठवतो, संपूर्ण यादी पाठवत नाही. म्हणून मॉडेलस्टेट (भरलेल्या माहितीच्या तपासणीचा निकाल) अवैध असल्यास व्ह्यू परत देण्यापूर्वी यादी पुन्हा भरावीच लागते. ती भरणारी एक खासगी मेथड लिहून दोन्ही ॲक्शनमधून बोलावल्यास एका ठिकाणी विसरण्याचा धोका कमी होतो.

दुसरे उत्तर:
रिडायरेक्टनंतरच्या संदेशासाठी टेम्पडेटा वापरावा. त्यातील मूल्य वाचले जाईपर्यंत टिकते आणि वाचल्यावर त्या रिक्वेस्टच्या शेवटी काढून टाकले जाते. ते पुढेही हवे असल्यास पीक किंवा कीप या मेथड आहेत. कोअरमध्ये वेगळे काही ठरवले नसेल तर टेम्पडेटा कुकीत (ब्राउझरमधील छोट्या नोंदीत) साठवला जातो, त्यामुळे त्यात लहानसा मजकूर किंवा आयडी एवढेच ठेवावे. विभागांची यादी त्यात ठेवून पहिली अडचण सोडवण्याचा मोह होईल, पण तो कृपया टाळावा.